खमंगाच्या जरा अलीकडे

उद्या समजा काही आपत्ती कोसळून मराठी मुलखातल्या स्वयंपाकघरांतले सगळे शब्द एकाएकी नाहीसे झाले, तर कुणी फार धावाधाव करू नये. सरळ महाळुंग्याला यावं, कंटेनरांच्या रांगेतून वाट काढावी, दोन कंपन्यांच्या कंपाउंडांच्या मध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या एका घराच्या ओट्यावर बसावं आणि आत ऐकू जाईल अशा बेताने ‘मी भाजी ढवळली’ एवढंच म्हणावं. माझ्या बायकोची आत्या पदराला हात पुसत बाहेर येईल, आणि तासाभरात सगळे शब्द अर्थासकट परत मिळतील. वर वाटीभर पिठलंही मिळेल. चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. पण स्वयंपाकाला चुकीचं क्रियापद लावलं म्हणून भरल्या ताटावरून उठलेली बाई मी एकच पाहिली.

आमची पहिली भेट माझं लग्न ठरायच्या आधीची. मी काळेवाडीत वाढलो. आईवडील दोघंही कामाला जाणारे, त्यामुळे अन्नाच्या बाबतीत आमच्या घरी दोनच क्रियापदं होती, करणे आणि गरम करणे. एवढ्या भांडवलावर मी मुलीच्या घरी जेवायला बसलो, आणि यजमानांना बरं वाटावं म्हणून म्हणालो की भात फार छान उकडलाय. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी ताटातली नजर वर केली नाही. वाढायला उभ्या असलेल्या आत्यांनी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं, मला नीट न्याहाळलं आणि अत्यंत अदबीने म्हणाल्या, "पाव्हणं, बटाटा उकडतो. अंडं उकडतं. भात शिजतो." मग भावाकडे वळून त्यांनी विचारलं की पोरगं बाकी बरं दिसतंय, पण भात उकडणाऱ्या घरात पोरगी द्यायची का. हा प्रश्न त्यांनी विनोद म्हणून विचारलेला नव्हता. त्यावर आठ दिवस खल झाला आणि ‘शिकवू आपण त्याला’ या अटीवर माझं लग्न जमलं, हे मला पुढे बायकोकडून कळलं.

लग्नानंतर मी ‘पाव्हणं’चा ‘जावईबापू’ झालो. जावयाला अरेतुरे करायची पद्धत त्या घराण्यात नाही, त्यामुळे माझी सगळी खरडपट्टी आदरार्थी बहुवचनात निघते. "जावईबापू, तुमी परतत न्हाई, तुमी ढवळताय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुठेही कुणी चमचा हातात घेतला की माझ्या कानात ते वाजतं. दोन्हींतला फरक त्यांनी मला उलथनं हातात धरायला लावून शिकवला. ढवळायचं ते पातळ. आमटी, कढी, खीर. पळी गोल फिरते आणि तळाला काही बसू देत नाही. परतायचं ते तेलावर. उलथनं तळाशी घालून खालचं वर आणायचं, म्हणजे प्रत्येक फोडीला आपापल्या पाळीने चटका बसतो. आणि हलवणं हे तिसरंच. त्यात पळीही नाही आणि उलथनंही नाही, भांडं दोन्ही कानांना धरून नुसता एक झटका द्यायचा, भिजवलेले पोहे मोडू नयेत म्हणून. तेलाशिवाय भाजतात, तेलावर परततात, तेलात तळतात, एवढं त्यांनी माझ्याकडून कंपनीतल्या सेफ्टीच्या सूचनांसारखं पाठ करून घेतलं. मोबाइलवरची एखादी बाई ‘मसाला छान भुनून घ्या’ असं म्हणाली की त्या पडद्याकडे खिन्नपणे बघत विचारायच्या, आगं पण कशावर? बाई अर्थातच उत्तर द्यायची नाही. आत्यांना तो उद्धटपणा वाटायचा.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. गियरचे दाते केसाच्या किती भागाने चुकले हे बघायचं आमचं काम. पहिली शिफ्ट करून मी निगडीला घरी येतो तेव्हा बायकोच्या कामाच्या मीटिंगा सुरू झालेल्या असतात, कारण तिचे साहेब सातासमुद्रांपलीकडे आत्ता कुठे उठलेले असतात. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला आणि मी फोन कानाला लावून शिकायला लागलो. माप विचारलं की आत्या ‘पसाभर’, ‘चिमूटभर’, ‘चवीपुरतं’ असं सांगायच्या. मी, ज्याच्या खिशात नोकरीभर मायक्रोमीटर राहिला तो, ग्रॅममध्ये विचारायचो. त्या म्हणायच्या की चिमूट तीन बोटांची असते, दोन बोटांत घेतात ती तपकीर. ‘आधण ठेवा’ म्हणजे पाणी उकळायला ठेवा एवढं मला कळलं, पण पुढे ‘पीठ वैरा’ आलं आणि मी अडलो. वैरणे म्हणजे एका हाताने पीठ भुरभुरत सोडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. एकदम ओतलंत की गुठळ्या. तिसरा हात फोनला लागतो हे त्यांना मान्य नव्हतं. एकदा दोडक्याची भाजी करताना त्यांनी सांगितलं की पाणी घालू नका, अंगच्या पाण्यात शिजू द्या. मे महिना होता. मी झाकण ठेवून कढईपाशी घामाने निथळत उभा होतो आणि बराच वेळ विचार करून मी खरंच विचारलं की अंगचं म्हणजे कुणाच्या. पलीकडे आधी पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोडक्याच्या, जावईबापू."

त्यांच्या या शब्दांच्या कडकपणाला घरातले लोक हसायचे. त्यांच्या सुनेने तर ‘लागलं’, ‘करपलं’ आणि ‘जळलं’ हे शब्दच घरातून हद्दपार केले होते, ती नुसतं ‘झालं’ म्हणायची. आत्यांच्या लेखी मात्र त्या तीन वेगळ्या पायऱ्या होत्या. लागलं म्हणजे तळ धरला; तेव्हा ढवळायचं नाही, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, निम्मं वाचतं. करपलं म्हणजे वास वरपर्यंत चढला. आता वाचवायचं नाही, कबूल करायचं. जळलं म्हणजे भांडं भिजत घालायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही. आम्ही कंपनीत एवढ्याच गोष्टीला रिवर्क, रिजेक्शन आणि स्क्रॅप म्हणतो, आणि ते शिकवायला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवतो.

मी त्यांना हसणं बंद केलं ते आमच्या कंपनीच्या कुटुंब मेळाव्यापासून. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना प्लांट दाखवतात आणि कँटीनमध्ये जेवू घालतात. यंत्रं बघून आत्या फारशा हरखल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की या शेडच्या जागी आमची बाजरी असायची, आणि हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. कँटीनमध्ये डाळीचा पहिला घास घेतला आणि हात थांबवून त्यांनी मला विचारलं की आचारी कोण आहे. आचारी ओडिशाकडचा, उंचापुरा, त्याला मराठी येईना आणि आत्यांना हिंदी. मला दुभाषा करून त्यांनी त्याला सांगितलं की तुझी डाळ चांगली शिजली आहे, पण फोडणी तू दुसऱ्या भांड्यात केलीस, ती निवली आणि मग ओतलीस. शिवाय जिरं मोहरीच्या आधी टाकलंस. आचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळं तंतोतंत तसंच घडलं होतं, कारण त्या दिवशी गॅसची एक शेगडी बंद होती. मग माझी गरज संपली. तो हाताने कढई दाखवू लागला आणि आत्या तोंडाने मोहरीचा तडतड आवाज, मग जिऱ्याचा बारीक, मग हिंगाचा फुसकन असा एकेक काढून दाखवू लागल्या. मागे जेवणाची रांग खोळंबली होती. शेवटी त्या माणसाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी मान खाली घालून डाळभात संपवला. दहा वर्षं ती डाळ खात होतो आणि मला ती फक्त पिवळी आहे एवढंच कळलं होतं.

पण कान ही त्यांची दुय्यम शक्ती. खरी सत्ता नाकाची. त्या एकदा आमच्याकडे निगडीला आल्या तेव्हा लिफ्ट बंद होती, चार मजले चढून यावं लागलं. वर येईपर्यंत त्यांना सगळ्या इमारतीचा स्वयंपाक पाठ झाला होता. पहिल्या मजल्यावर कच्चट वास होता, म्हणजे बेसन पुरतं भाजलेलं नाही. दुसऱ्यावर कुबट, म्हणजे डाळीच्या डब्यात ओल शिरलेली. तिसऱ्यावर खवट, तिथे थांबून त्यांनी सरळ बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या अनोळखी बाईंना सांगितलं की तुमचं खोबरं गेलंय, चटणी करू नका. त्या बाई अजून मला जिन्यात भेटल्या की आत्या कशा आहेत म्हणून विचारतात. या सगळ्या वासांत आत्यांचं दैवत म्हणजे खमंग. मी कशालाही ‘मस्त वास येतोय’ म्हणालो की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मस्त म्हणजे काय, लग्नाचा मांडव का, असं विचारायच्या. त्यांच्या मते खमंग हा वास नव्हेच, ती वेळ आहे. आधी कच्चट येतो, मग तो मरतो, मग क्षणभर काहीच येत नाही, मग खमंग येतो आणि त्याला लागूनच करपट उभा असतो. "खमंगाच्या जरा आलीकडं उतरवायचं," त्या सांगायच्या. "कढई तापलेली असती. उरलेलं ती करती." हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. गियर तापवून कडक करणाऱ्या आमच्या हीट ट्रीटमेंटच्या साहेबांना दाखवलं तर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फोटो काढून घेतला.

गेल्याच्या गेल्या वर्षी थंडीत त्यांच्या घरात सगळ्यांना ताप आला. आठ दिवसांत सगळे उठले, आत्याही उठल्या, आणि आम्ही विसरलो. महिन्याभराने एका रविवारी आम्ही महाळुंग्याला गेलो. गाडी लावून फाटकातून आत येतो तोच मला दूध करपल्याचा वास आला. असा तसा नाही, तिसऱ्या पायरीकडे निघालेला. मला वाटलं घरात कुणी नसेल. आत गेलो तर आत्या शेगडीपासून हातभर अंतरावर बसून मेथी निवडत होत्या. आम्हाला बघून हसल्या, या म्हणाल्या, पाण्याला उठल्या. पातेल्यातून धूर यायला लागला होता. माझी बायको धावली, तिने गॅस बंद केला. आत्या क्षणभर त्या पातेल्याकडे बघत राहिल्या आणि मग अगदी सहज म्हणाल्या की मुद्दाम लावलंय, मला तळाची खरवड खायची होती. सुनेचा विश्वास बसला, कारण आत्यांकडून दूध करपू शकतं यापेक्षा त्यांनी ते मुद्दाम करपवलं हे जास्त शक्य होतं. माझा बसला नाही. खरवडीसाठी दूध मंद आचेवर आटवतात हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि गॅस मोठा होता.

मागच्या न्हाणीपाशी मी ते पातेलं घासायला बसलो. जावयाने भांडी घासायची नाहीत म्हणून ‘हां हां’ करत कुणीतरी धावत यायला हवं होतं. आत्या आल्या, पण त्यांनी मला उठवलं नाही. शेजारच्या दगडावर बसल्या. मी तारेचा चोथा फिरवत राहिलो.

"मला वास येत न्हाई, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ताप गेला तवापासून. कशाचाच न्हाई."

कुणाला सांगू नका, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी ते गृहीत धरलं होतं, आणि त्या गृहीत धरण्याने मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातला माणूस झालो असं मला वाटलं. महिनाभर त्यांनी कसं निभावलं ते त्या हळूहळू सांगत गेल्या. मोहरी कानाने, कांदा रंगाने, पोळी फुगण्यावरून, आणि बाकी सगळं सवयीने. डाळ उतू गेली तेव्हा मांजराने पातेलं ढकललं म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे मांजर नाही. पण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मी बायकोला तेवढं विश्वासात घेतलं आणि पुढच्या आठवड्यात चिंचवडच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आत्यांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, भले होते. नळी घालून तपासलं, तापानंतर असं होतं म्हणाले, वास कधी काही महिन्यांत परत येतो, कधी वर्ष लागतं, कधी पुरता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असे चार ठरावीक वास हुंगायचे आणि ते आठवायचा प्रयत्न करायचा, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं की चव कळते का. आत्या म्हणाल्या, खारट कळतं, आंबट कळतं, तिखट तर कळतंच, खमंग कळत नाही. डॉक्टरांनी लिहिता लिहिता सहज विचारलं की खमंग म्हणजे नक्की कसं. बाहेर अकरा पेशंट बसले होते. आत्यांनी पदर सावरला आणि धन्याच्या दाण्यापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दहा-बारा मिनिटांनी त्या थांबल्या, ते बोलून संपलं म्हणून नव्हे. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला म्हणून. डोळे कोरडेच होते. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाले की असा पेशंट मला पहिल्यांदाच भेटतोय, काय हरवलंय हे ज्याला इतकं नेमकं माहीत आहे.

होळी झाली आणि मसाल्याचे दिवस आले. त्यांच्या भावकीतल्या तेरा घरांचा वर्षाचा मसाला आत्यांच्या अंगणात भाजला जातो. मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, हळकुंड, एकेक जिन्नस वेगळा, आणि तो कधी उतरवायचा हे फक्त आत्या ठरवतात. मग सगळं कांडपाच्या गिरणीत जातं. ज्यांची शेतं गेली, ज्यांची मुलं तीन वेगवेगळ्या कंपन्यांत तीन शिफ्टला जातात, ज्यांची एकमेकांशी बांधावरून भांडणं होती आणि आता बांधच राहिले नाहीत, ती सगळी घरं वर्षातून एकदा त्या एका कढईभोवती जमतात. त्या वर्षी आत्यांनी निरोप पाठवला की औंदा मसाला न्हाई, बाजारातून आणा. भावकीत एकच खळबळ उडाली. कुणी म्हणालं थोरल्या जावेशी बिनसलं, कुणी म्हणालं जमिनीचं काहीतरी असणार. थोरली जाऊ स्वतः येऊन ओट्यावर बसून गेली. आत्यांनी तिला चहा दिला आणि कारण दिलं नाही.

मी फोन केला आणि म्हणालो की नाक माझं घ्या. शब्द तुम्हीच शिकवले आहेत, मी फक्त सांगत जाईन, उतरवायचं तुम्ही. यावर त्या म्हणाल्या की बघू, आणि पुढच्या रविवारी त्यांनी माझी परीक्षा घेतली. सुनेला बाहेर पाठवून, माझ्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने टॉवेल बांधून, बारा वाट्या पुढे ठेवल्या. कच्चे धने आणि भाजलेले धने हे मला जमलं. जुने तीळ आणि नवे तीळ यात मी घोटाळलो. एका वाटीशी मी फार वेळ घुटमळलो, उग्र म्हणालो, मग धुरकट म्हणालो, मग काहीच सुचेना. ती वाटी रिकामी होती. "जे येत न्हाई ते येतंय म्हणू नका," त्या म्हणाल्या, "एवढं केलंत तरी बास."

मी दोन दिवस रजा टाकली. भावकीला सांगितलं गेलं की जावईबापूंना मसाला शिकायची हौस आली आहे, म्हणून यंदा त्यांच्यासाठी करतोय. यावर बायकांनी तोंडाला पदर लावले आणि पुरुषांनी "काय राव, नोकरी सोडली का" म्हणून विचारून घेतलं. मी आत्यांच्या डाव्या हाताला चुलीशी बसलो आणि पुटपुटत राहिलो. कच्चट. अजून कच्चट. मेला. काही नाही. काही नाही. आता. माझ्या ‘आता’ला त्यांचा झारा फिरायचा आणि जिन्नस सुपात पडायचा. तीळ झाले, खोबरं झालं, दगडफूल झालं. समोर बसलेल्यांना वाटत होतं की जावई शिकतोय. प्रत्यक्षात तेरा घरांचं वर्षभराचं कालवण माझ्या नाकावर उभं होतं.

शेवटून दुसरे धने. मिरची अगदी शेवटी घ्यायची असते, कारण ती भाजली की कुणाचंच नाक ठिकाणावर राहत नाही. पण कुणीतरी वेळ वाचवावा म्हणून दुसऱ्या चुलीवर मिरची आधीच टाकली. वारा आमच्याकडे होता. ठसका आला तसं सगळं अंगण खोकत उठलं. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं आणि कढईत तेरा घरांचे धने. मी हुंगायचा प्रयत्न केला, काहीच नाही. काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं. मग मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "आत्या, मला येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झारा हातात तसाच, त्यांनी मान तिरकी केली आणि कान जवळजवळ कढईच्या काठाला नेला. केस जळतील म्हणून मी हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. भोवती बायका खोकत होत्या, कंपाउंडापलीकडे एक कंटेनर रिव्हर्स घेत कर्कश वाजत होता, आणि त्या धने ऐकत होत्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी झारा दोनदा फिरवला, पुन्हा ऐकलं, आणि कढईच एका बाजूने उचलून सगळे धने सुपात लोटले. नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या की ओले असतात तोवर धने सळसळतात, आतलं पाणी गेलं की खुळखुळायला लागतात. हे त्यांना आधी माहीत नव्हतं. त्याच क्षणी कळलं.

मसाला घरोघर गेला. आठ दिवस आत्यांनी फोन उचलले नाहीत. नवव्या दिवशी थोरली जाऊ आली आणि जाता जाता म्हणाली की औंदा जरा बरा झालाय. इतक्या वर्षांत या बाईने कधी बरा म्हटला नव्हता, त्यामुळे आत्यांचा संशय बळावला की नक्की काहीतरी चुकलंय. त्यांनी मला पाव किलो पाठवून तपासून घ्यायला लावला. मी आमटी केली, बायकोला वाढली. ती पहिला घास घेऊन थांबली आणि म्हणाली, माहेरी आल्यासारखं वाटतंय. मी तसंच्या तसं कळवलं. आत्या म्हणाल्या की हे वर्णन फार ढोबळ आहे, पण चालेल.

वास पुरता परत आला नाही. लवंग आणि लिंबू त्या आजही नेमाने हुंगतात. मधेच एखाद्या दिवशी हिंग चमकून जातो, की त्या मला कामावर फोन करून सांगतात, आणि मी मशिनच्या आवाजात कान झाकून ऐकतो. भावकीला आता सगळं ठाऊक झालंय. यंदा मसाल्याला मी उघडपणे बसलो आणि सूनही माझ्या शेजारी बसली. ती आता कच्चट, हिरवट असे शब्द स्पष्ट उच्चारते, आणि आत्या तिला ओरडत नाहीत.

गेल्या श्रावणात आम्हाला मुलगी झाली. सव्वा महिन्याने आम्ही तिला घेऊन महाळुंग्याला गेलो. आत्यांनी स्वतःच्या हाताने तिला तेल लावलं, न्हाऊ घातलं, शेक-शेगडी केली, आणि दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. घरातली माणसं जेवायला आत गेली होती. मी दारातून बघत होतो. त्या खाली वाकल्या, पोरीच्या टाळूला नाक लावलं आणि तशाच राहिल्या. मग मान वर करून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, कसा येतोय, सांगा."

मी गुडघ्यावर बसलो आणि वास घेतला. तेल होतं, ओव्याचा धूर होता, दुधाचा आंबूस वास होता, हे सगळं मला ओळखता आलं. त्याच्या खाली अजून एक होता. माझ्याजवळच्या एकूणएक शब्दांतून मी शोधत राहिलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"सांगता येत नाही, आत्या," मी म्हणालो.

हे उत्तर त्यांनी आजवर कुणाचंही चालवून घेतलं नव्हतं. आत्यांनी मान डोलावली. "व्हय," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या वेळी मलापण आलं न्हवतं." आणि पोरीला जरा वर सरकवून त्यांनी पुन्हा तिच्या टाळूवर नाक टेकवलं.